ताई, बसा, सोडतो

नवशिक्याने इतक्याच वेगाने पळावं की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत, असं सगळे जाणकार सांगतात. माझ्याबरोबर पळायला कुणी तयार नाही, त्यामुळे मी पाढे म्हणते. सतराचा पाढा सतरा पाचे पंच्याऐंशीच्या पुढे सुखरूप गेला तर वेग बरोबर; तिथेच गुदमरला तर जास्त. अडचण एवढीच, की पाढा पूर्ण होईल अशा वेगाने मी पळू लागले की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नुसते चालायला आलेले आजोबा मला मागे टाकून जातात. कानटोपीतले, स्वेटरमधले, फोनवर पुतण्याने जमिनीत केलेल्या भानगडीबद्दल तावातावाने बोलणारे आजोबा. त्यांना दमच लागत नाही. मी मात्र नवे, महागडे, पोपटी नाड्यांचे बूट घालून पंच्याऐंशीशी झुंजत असते.

शास्त्र माझ्या बाजूचं आहे, हे मला ठाऊक आहे. पळायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, आणि आपल्याला वाटतं की आता आपण आकाशाला हात लावणार. पण स्नायूबंध आणि हाडं यांना तयार व्हायला महिनेच्या महिने लागतात. जुन्या एसटीला नवं इंजिन बसवावं तसा प्रकार होतो. मग नडगी बोंबलते. म्हणून हळू जा, थोडं पळा, थोडं चाला, पुन्हा पळा. हे सगळं मी दुसऱ्या कुणालाही फार समजूतदारपणे समजावून सांगेन. पण ‘थोडं चाला’ हे लोकांच्या देखत कसं करायचं, हे कुठल्याच जाणकाराने लिहून ठेवलेलं नाही.

ते मी शोधून काढलं आहे. थांबायचं, पण थांबल्यासारखं दिसायचं नाही. सर्वांत सोपी म्हणजे बुटाची नाडी. एका फेरीत एकदा चालते. दोनदा बांधली की कुणीतरी दुहेरी गाठ शिकवायला येतं. फोन कानाला लावून “हो, हो, पाठवते” म्हणणं दिसायला बरं, पण धापा टाकत म्हटलं की पलीकडून काहीतरी वाईट बातमी आल्यासारखं वाटतं. एका भल्या बाईंनी मला पाणी देऊन बाकावर बसवलं होतं. पक्षी बघणं हा प्रतिष्ठित मार्ग. मान वर, नजर फांदीत, श्वास हळूहळू जागेवर. पण नाशकात पक्षी बघणारे फार. “काय दिसलं?” असं दबक्या आवाजात विचारत ते जमतात. मी “तांबट” म्हणून मोकळी होते, कारण तांबट कुठेतरी टुकटुक करत असतोच. मग आम्ही सगळेच माना वर करून उभे राहतो आणि माझं नाव होतं.

पण सर्वश्रेष्ठ म्हणजे मारुती. माझ्या वाटेवर एक छोटं देऊळ आहे, शेंदरी, दोन माणसं मावतील एवढं. तिथे हात जोडून डोळे मिटले की हवे तेवढे खोल श्वास घ्यावेत. कुणी विचारत नाही, कुणी शिकवत नाही. उलट जितका वेळ उभं राहावं तितकी भक्ती मोठी ठरते. घामाने केस कपाळाला चिकटले असतील तर अधिकच. शिवाय अंजनेरी इथून जवळ, तेच त्याचं जन्मस्थान अशी इकडची श्रद्धा, म्हणजे तसा तो घरचाच. एका उडीत समुद्र ओलांडून गेलेल्या देवासमोर मी दर फेरीला दम खायला उभी राहते, याचं त्याला काय वाटत असेल ते तोच जाणे. पुजाऱ्यांना मात्र फार कौतुक वाटतं. बाहेर रुईच्या माळा विकणारी मावशी शनिवारी माझ्यासाठी एक बाजूला काढून ठेवते, ती घ्यावी लागते. हनुमान जयंतीच्या वर्गणीत माझ्या नावापुढे जो आकडा पडला, तो माझ्या धापांच्या प्रमाणात होता. पुढच्या वर्षी उत्सव समितीत घेऊ म्हणाले. पळणं हा बिनखर्चाचा व्यायाम आहे असं म्हणणाऱ्यांना हे देऊळ दाखवायला हवं.

सुधारणा होते आहे, नाही असं नाही. हल्ली पाढा शेवटपर्यंत जातो. आजोबा अजूनही पुढे जातात, पण त्यांना मला मागे टाकायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. पूर्वी फक्त “त्या नालायकाने” एवढंच कानावर पडायचं. आता सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत इथपर्यंत मला प्रकरण कळलं आहे. पुतण्याची बाजू अगदीच टाकाऊ नाही.

ट्रॅक सोडून गंगापूर रोडवर आलं की मात्र माझा विनोद आटतो. रिक्षा शेजारी येऊन हळू होते. “ताई, बसा, सोडतो.” त्याचा हेतू स्वच्छ असतो. बाई पळतेय म्हणजे काहीतरी चुकलंय, कुणीतरी मागे लागलंय किंवा कुणाला तरी दवाखान्यात नेलंय. शेजारच्या काकू म्हणतात, “अगं, गुडघे जातील.” माझ्याहून दुप्पट पोट असलेले एक गृहस्थ समोरून येताना हात कसे हलवायचे ते करून दाखवतात. “डॉक्टरांनी सांगितलंय” म्हटलं की सगळे एकदम गप्प होतात. मला आवडतं म्हणून पळते, हे कुणालाच पुरत नाही. कविता राऊत आमच्या जिल्ह्याची, सावरपाडा एक्स्प्रेस, 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक. तिचं पळणं सगळ्यांना पटतं, आणि पटायलाच हवं. पण माझ्याजवळ पदकही नाही आणि मधुमेहही नाही.

माझी आई शाळेत खो-खो खेळायची. चांगली खेळायची, असं मामा सांगतो. ती स्वतः सांगत नाही. नववीत साडी आली आणि खेळ गेला. कुणी मनाई केल्याचं तिला आठवत नाही. पुढच्या सामन्याला तिला बोलवायला कुणी आलंच नाही, एवढंच. ते 1968 साल असावं. त्या वर्षी ऑलिंपिकमध्येसुद्धा बायकांची सर्वांत लांब शर्यत 800 मीटरची होती; बायकांची मॅरेथॉन तिथे यायला 1984 उजाडलं. सगळं जगच त्या बाबतीत आमच्या आजोळच्या गावाएवढं होतं म्हणायचं. पण त्याने मला काही बरं वाटत नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांत आईला कुणी पळताना पाहिलं नाही, मीही नाही, आणि मला ते कधी विचित्र वाटलं नव्हतं.

ती एकदा बाकावर बसून माझी फेरी बघत होती. मी कौतुकाच्या तयारीने आले.

“टाच केवढी आपटतेस,” ती म्हणाली. “चवड्यावर ये. आणि पहिल्याच वळणाला एवढी कशाला उधळतेस? साखळी खेळताना दम राखायचा असतो. पाठलाग करणारे दमतात आधी.”

“माझ्या मागे कुणी नसतं, आई.”

“मग तर घाईच नको.”

घरी येताना तिने चौकशी सुरू केली. शर्यतीत म्हाताऱ्यांचा गट असतो का? असतो. सत्तरीच्या पुढचा? असतो बहुतेक ठिकाणी. त्यात किती जणी येतात? फार नाही, म्हटलं, दोन-चार.

“मग माझं नाव घाल,” ती म्हणाली. “तुझ्या गटात गर्दी फार, तुझा काही नंबर लागायचा नाही. बूट साधे बघ, कॅनव्हासचे. असले पोपटी नकोत.”