खोललेच आहे तर

सासरे : जावईबापू, मे महिन्यात मी या घरात पाऊल ठेवले तेव्हा हे धूड या लोखंडी घोडीवर उताणे टांगलेले होते. आज सप्टेंबर सरत आला, परतीचे तिकीट पुढल्या आठवड्यावर येऊन ठेपले, तरी त्याने कूस बदललेली नाही. आमच्या कचेरीत असल्या प्रकरणावर 'विचाराधीन' असा शेरा मारीत. तुमच्याकडे काय लिहितात?

जावई : विचाराधीन नव्हे अण्णा, पूर्णत्वाच्या मार्गावर. आज ही बेअरिंगे मोजून झाली आणि मागची दोरी बसली, की क्रँकशाफ्ट कायमचा आत गेला म्हणून समजा.

सासरे : गेल्या खेपेस विमानतळावर हेच वाक्य ऐकून मी गहिवरलो होतो. ते असो. मूळ अर्ज काय होता, तेवढा एकदा वाचून दाखवा.

जावई : मूळ तक्रार इतकीच, की गाडी रात्रभर उभी राहिली की फरशीवर तेलाचा डाग पडे.

सासरे : केवढा?

जावई : साधारण रुपयाएवढा.

सासरे : चांदीच्या, की हल्लीच्या?

जावई : हल्लीच्या.

सासरे : आमच्या तहसीलदारसाहेबांच्या जीपची पेट्रोलची टाकी गळत असे. ड्रायव्हर अंगाच्या साबणाची वडी ओली करून त्या भोकावर घाशी, आणि त्या एका वडीच्या आधारावर आम्ही १९७२ चा दुष्काळ आणि त्यामागून आलेल्या दोन निवडणुका निर्वेधपणे पार पाडल्या. तुम्ही एखादी पितळी ताटली खाली सरकवली असती, तर हे सारे महाभारत टळले नसते काय?

जावई : टळले असते, पण गळती कुठली आहे हे कळल्यावर स्वस्थ कसे बसवेल? पाँटिअ‍ॅकच्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागल्या टोकाला तेल अडवायला रबराचे सील नाही, ग्रॅफाइट लावलेली एक दोरी असते. तिचा अर्धा भाग खालच्या कॅपमध्ये आणि अर्धा वर ब्लॉकच्या खाचेत. वरचा अर्धा नीट बदलायचा तर क्रँकशाफ्ट काढल्यावाचून गत्यंतर नाही, क्रँकशाफ्ट काढायचा तर इंजिन उतरवल्यावाचून नाही, आणि इंजिन एकदा...

सासरे : थांबा. पुढचे तीन शब्द मला म्हणू द्या. तीन खेपा ऐकून मला ते संध्येसारखे पाठ झाले आहेत. 'खोललेच आहे तर'!

जावई : पण ते खोटे आहे का? इंजिन खोललेच आहे, तर साठ वर्षांच्या पिस्टन-रिंगा तशाच ठेवून पुन्हा बंद करणे हा शुद्ध वेडेपणा नव्हे?

सासरे : आपण क्रमाने घेऊ. दोरीसाठी इंजिन उतरले. उतरलेच आहे तर रिंगा. रिंगा काढल्याच आहेत तर सिलिंडर झिजलेले दिसले. झिजलेच आहेत तर बोअर. बोअर केलेच आहे तर पिस्टन नवे. पिस्टन नवे आले तर हेडांनी काय पाप केले म्हणून व्हॉल्व्हच्या सीटा. आणि त्या कशासाठी, तर पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि सीटांना त्याचे वंगण मिळे, ते शिसे सरकारने बंद केले, सबब सीटा कठीण पोलादाच्या हव्यात! वीस डॉलरच्या दोरीला सात हजार डॉलरची पुरवणी अंदाजपत्रके जोडणारा अधिकारी मी अडतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच पाहिला. त्याला पुढे निलंबित केले.

जावई : मजुरी धरली असती तर याच्या दुप्पट झाले असते. हे सगळे मी घरी करतो आहे.

सासरे : घरी? हा ब्लॉक गेल्या खेपेस कुठे होता?

जावई : मशीन शॉपमध्ये. बोअर घरी कसे करता येईल?

सासरे : म्हणजे पहिल्या खेपेस मी आलो तेव्हा ती अवघडलेली होती, दुसऱ्या खेपेस माहेरी गेलेली होती, आणि तिसऱ्या खेपेस घरी येऊनही अद्याप अंथरुणातच आहे. बाळ कुठे आहे, एवढेच विचारायचे राहिले.

जावई : हसा तुम्ही. पण तीस हजारांश इंच बोअर वाढवल्यावर हेच ३८९ घन इंचांचे इंजिन जवळजवळ ३९५ चे झाले आहे.

सासरे : क्षेत्र वाढले? मग फेरफार नोंदवला की नाही? सहा घन इंच जास्तीची वहिवाट हा आमच्याकडे अतिक्रमणाचा गुन्हा होतो.

जावई : नोंदीचाच विषय काढलात तर एक गोष्ट सांगतो, तुम्हाला आवडेल. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचा एक दंडक होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. पाँटिअ‍ॅकमधल्या डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर मोठ्या गाडीचे ३८९ चे इंजिन छोट्या टेम्पेस्टमध्ये बसवायचे होते. त्यांनी काय करावे? नवे मॉडेल म्हणून मंजुरीला धाडलेच नाही. टेम्पेस्ट लेमान्स ही मंजूर गाडी जशीच्या तशी ठेवली, आणि गिऱ्हाइकाला हवे असल्यास घ्यावयाच्या जादा साहित्याच्या यादीत एक बाब वाढवली. त्या बाबीचे नाव जीटीओ. पाच हजार खपतील असा अंदाज होता. १९६४ च्या पहिल्याच वर्षात ३२,४५० खपल्या. मग नियम कोण विचारतो?

सासरे : वा! वा! हा मनुष्य महसूल खात्यात असता तर कलेक्टर होऊन निवृत्त झाला असता. कलम मोडायचे नाही, खर्चाचा सदर बदलायचा! आमच्याकडे साहेबांच्या बंगल्याचा व्हरांडा 'किरकोळ दुरुस्ती' या सदराखाली असाच दोन खोल्यांचा झाला होता. पण मग तुमची ही गाडी १९६५ ची. तिच्या नंबरावर तरी जीटीओ आहे ना?

जावई : नाही. १९६६ पासून ते स्वतंत्र मॉडेल झाले. १९६५ च्या नंबरावरून ती नुसती लेमान्स. जीटीओ असल्याचे सिद्ध करायला कारखान्यातल्या मूळ बिलाची नोंद काढावी लागते. ती मी काढली आहे.

सासरे : म्हणजे सातबारा एकाच्या नावे आणि कब्जा दुसऱ्याचा. कागदोपत्री जी गाडीच नव्हे, तिच्या दोरीसाठी हा खटाटोप! बरे, आमची कन्या काय म्हणते?

जावई : तिचा आक्षेप ओव्हनपुरता आहे.

सासरे : ओव्हनमध्ये काय केलेत?

जावई : व्हॉल्व्हची झाकणे रंगवून भाजली होती. रंग पक्का बसतो.

सासरे : तरीच त्या नानकटाईला पेट्रोल पंपाची चव होती. मी वयामुळे जीभ गेली असे समजून डॉक्टरला विचारणार होतो. आणि भांडी घासण्याच्या यंत्रात?

जावई : ते एकदाच.

सासरे : खोललेच होते तर.

जावई : जरा इकडे या, अण्णा, चष्मा लावून. हे पाहा. हा धागा.

सासरे : हिरवा दिसतो. केसाएवढा आहे.

जावई : मेणासारख्या प्लास्टिकचा आहे. याचा एक तुकडा क्रँकच्या या गुळगुळीत भागावर आडवा ठेवायचा, वर ही तिसरी कॅप बसवायची आणि टॉर्क पान्याने बरोबर शंभर फूट-पौंडांपर्यंत आवळायची. मध्यंतरी क्रँक एक रेसभरही फिरता कामा नये, फिरला की मोजणी बाद. ऐका... टक्! हा पाना आपणहून सांगतो, की पुरे. आता पुन्हा सोडायची.

सासरे : आत्ताच तर आवळलीत.

जावई : मोजायलाच आवळली होती. बघा, धागा चिरडून पट्टीसारखा झाला. आता त्याच्या पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी त्याची रुंदी ताडून पाहायची. जितका रुंद झाला तितकी फट कमी. तुम्हीच वाचा.

सासरे : ही... नाही, ही दुसरी पट्टी तंतोतंत जुळते. खाली आकडा आहे शून्य शून्य दोन.

जावई : दोन हजारांश इंच! त्या एवढ्या फटीत तेलाचा पापुद्रा राहतो आणि त्या पापुद्र्यावर हा सगळा दांडा तरंगत फिरतो. लोखंडाला लोखंड लागत नाही.

सासरे : आमची मोजणी तेहतीस फुटांच्या साखळीने होई, सोळा आण्यांची साखळी, आणि दोन्ही बाजूंनी एक साखळी म्हणजे गुंठा. तीत हातभर इकडेतिकडे झाले तर भाऊबंदांत कुऱ्हाडी निघत. तुमचे हे काम सुरेख आहे, हे मी नाकारीत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या गाडीला गॅलनला दहाबारा मैल पडतात, जिची जात १९७३ च्या तेलटंचाईने आणि विम्याच्या हप्त्यांनी बुडाली, ती बुडाली त्या वर्षी आम्ही दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांची हजेरी मांडत होतो. तिला साठ वर्षांनी पुन्हा उभी करून जायचे कुठे?

जावई : वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे अशा हजारो गाड्या जमतात. ज्या पाँटिअ‍ॅक शहरात ही जन्मली त्याच्यापर्यंत तो रस्ता जातो.

सासरे : कुठल्या ऑगस्टच्या, हे तुम्ही मोघम ठेवलेत.

जावई : दिवसभर मी मोटारींचीच आज्ञावली लिहितो, अण्णा. त्या नव्या गाड्यांत खोलण्यासारखे काही उरलेलेच नाही. संध्याकाळी एक तरी वस्तू अशी हवी, की जी हातात धरता येते, मोजता येते, आणि चुकली तर का चुकली हे कळते.

सासरे : समजले. तरी मी आपले सांगतो, जे दफ्तर बांधलेल्या स्थितीत चालते आहे त्याची गाठ मी उभ्या नोकरीत कधी सोडली नाही.

जावई : ठाऊक आहे. वाड्याचीही सोडली नाहीत.

सासरे : वाड्याचा इथे काय संबंध?

जावई : मागच्या भिंतीला बोटभर तडा गेला तेव्हा मी पैसे पाठवतो म्हणालो होतो. तुमचे उत्तर मला शब्दशः आठवते : एक वीट हलवली की पार चौकापर्यंत काढावे लागेल, तेव्हा आहे ते असू द्या. त्यावर सहा पावसाळे गेले. आता काढायला वीट राहिली आहे का?

सासरे : त्या भिंतीला सात हिस्सेदार होते. एक इंदूरला, एक बडोद्याला, दोघे एकमेकांच्या सुतकालाही न येणारे, आणि एका विधवा काकूंनी तर पोस्टाचे पाकीट न फोडताच परत धाडले. सात सह्यांवाचून मला खिळा ठोकता येत नव्हता. तुम्हाला पडलेली माडी दिसते, मला ती सात टपालांची पोच दिसते. तुमच्या या इंजिनाला हिस्सेदार किती?

जावई : एक.

सासरे : आणि तिची गाडी कुठे उभी असते?

जावई : बाहेर.

सासरे : दोन हिवाळे बाहेर. तिसरा तोंडावर आला. पहाटे पाचला उठून ती काचेवरचे बर्फ खरवडते, ते मी वरच्या खिडकीतून पाहिले आहे. माझ्या दुसऱ्या खेपेस थंडी लवकर पडली होती.

जावई : मग हे सरळ सांगायचे होते. तीन खेपा तुम्ही जीप, सातबारा, निलंबन यांच्या गमती सांगता आहात, आणि पोटात हे होते?

सासरे : जावयाच्या घरी राहिलेल्या मुलीच्या बापाला गमतीखेरीज दुसरी कोणती भाषा वापरायची मुभा आहे, ते आधी सांगा.

जावई : ती मला कधी काही म्हणाली नाही.

सासरे : ती माझी मुलगी आहे. तीही गाठ सोडत नाही.

(बराच वेळ कोणी बोलत नाही. जावई चिरडलेला हिरवा धागा नखाने खरवडून काढतो.)

सासरे : ती दोरी कुठे आहे?

जावई : त्या वाटीत. तेलात भिजत घातली आहे.

सासरे : ही वाटी आमटीची. असो. हिचे काय करायचे?

जावई : मागच्या कॅपच्या या खाचेत बसवायची. जाड दांड्याने मधून दोन्ही टोकांकडे दाबत न्यायची, आणि टोके वर राहतील ती ब्लेडने साफ कापायची. एक सूत वर राहिले तर कॅप बसत नाही, कमी पडले तर पुन्हा गळते.

सासरे : तुमच्या सासूबाईंनी लक्ष वातींचा नेम केला तेव्हा पंचवीस हजार तरी मी वळलेल्या आहेत. सरका. ... ही आत जाते आहे.

जावई : सावकाश. घडी पडू देऊ नका.

सासरे : घडी पडलेली वात मी समईत घातली नाही. ब्लेड द्या.

कन्या : (बाहेरून) अहो, जरा बाहेर येता का? माझ्या गाडीखाली डाग दिसतो आहे.

जावई : (उठून) केवढा?

कन्या : लहानच. रुपयाएवढा.

सासरे : बसा खाली, जावईबापू. ते पाणी आहे, एसीचे.

कन्या : पाणी नाही हो अण्णा, काळे आहे.

सासरे : काळे पाणीच म्हणतात त्याला. तू आत जा, आणि येताना साबणाची वडी आण.