सेवाभावी मंडळींसाठी कार्यालयीन सूचना

लोणावळ्यात मुख्यालयांना तोटा नाही. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम काढलं, योगक्रिया प्रयोगशाळेत नेऊन तपासायला घेतल्या आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षी सुरू केलं. पुढे स्वामी विज्ञानानंदांचं मनशक्ती केंद्र आलं. खंडाळ्याच्या बाजूला ख्रिस्ती धर्मगुरूंची विसाव्याची घरं आहेत. शिवाय हवेपायी आलेले लहानमोठे आश्रम आहेतच. अशाच एका संस्थेच्या कार्यालयात मी पगारी आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. सेवेला येणाऱ्यांनी खालील सूचना वाचून सही करावी. सही न वाचता केली तरी चालते, सगळे तसंच करतात.

कलम एक. सेवा आणि नोकरी यांतला फरक समजून घ्यावा. सकाळी सहाला येऊन पाण्याची टाकी बघतो तो नोकर. साडेदहाला येऊन टाकी कुणी बघितली असं विचारतो तो सेवेकरी. हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्याच दिवशी, कार्यालयाचा चहा पिता पिता, ‘तुमची काय बुवा नोकरी आहे, आम्ही सेवेला येतो’ हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं. त्यावर पगारी माणसाने हसावं, आणि कप विसळायला न्यावा.

कलम दोन. सेवेची जागा निवडताना पूज्य व्यक्तीपासूनचं अंतर मोजावं. व्यासपीठ, माइक, हारांचं तबक, पाहुण्यांची गाडी, या उत्तम सेवा. पुस्तकविक्री मध्यम. चप्पल स्टँड, खरकटी पातेली आणि शिबिरार्थींच्या गाद्या या सेवा अत्यंत पवित्र असून त्या नेहमी दुसऱ्याला सुचवाव्यात. व्यासपीठावर समई लावायला सात जण लागतात. समईत तेल कुणी घातलं हे मात्र कधीच कळत नाही. मला कळतं, कारण तेलाची पावती माझ्याकडे येते.

कैवल्यधामात कुवलयानंदांनी नौली करताना पोटात दाब किती कमी होतो त्याची मापं घेतली होती. प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येते त्या क्षणी मानद सेवेकऱ्याच्या छातीत दाब किती वाढतो, याचं माप कुणीतरी घ्यायला हवं.

आता ‘मानद’ हा प्रकार. आमच्याकडे एक काका आहेत. बँकेतून निवृत्त, राहायला पुण्यात. शनिवारी लोकलने येतात आणि दुपारी लोकलला मोठा खंड पडतो म्हणून संध्याकाळपर्यंत थांबतात. तेवढ्या वेळात संस्थेत सुधारणा होतात. काकांनी आल्या-आल्या दारांवर पाट्या लावल्या: ‘शांतता राखा’, ‘रांगेत या’, ‘पाट्या वाचा’. मग एके वर्षी त्यांनी वीजबचत हाती घेतली.

इथे थोडं खरं ज्ञान देतो, ते फुकट आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत पाकिटं पत्र घालायच्या आधीच चिकटतात. मिठाचं पाणी होतं. पावतीपुस्तकाचा कार्बन दोन पानं सोडून तिसऱ्या पानावर उमटतो. रबरी शिक्का मारला की संस्थेचं नाव पसरून शेजारच्या संस्थेसारखं दिसतं. यावर जुना उपाय असा: नोंदवह्यांच्या कपाटात खालच्या फळीवर चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावावा आणि पावसाळाभर दिवसरात्र जळता ठेवावा. वह्या भिंतीपासून चार बोटं दूर, आणि दाबून न भरता सैल उभ्या. बल्बच्या उबेने कपाट कोरडं राहतं. काकांना बंद कपाटात दिवा जळताना दिसला. त्यांनी सगळे बल्ब काढून एलईडी लावले. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. गणपतीच्या सुमारास कपाट उघडलं तेव्हा आवक-जावक नोंदवहीवर हिरवी मखमल आली होती. लखलखीत उजेडात ती फार छान दिसली.

विजेचं बिल कमी आलं. काकांनी ते विश्वस्तांच्या सभेत वाचून दाखवलं.

कलम चार (तिसरं वरच्या कपाटात होतं). स्वयंपाकघरात शिरू नये. शिरलंच तर पाट घेऊन बसावं आणि मटार सोलावेत. आमच्या भोजनशाळेच्या मावशी मावळातल्याच आहेत आणि शंभर पानांचा भात डोळ्यांच्या अंदाजाने लावतात. तांदूळ इंद्रायणी, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेलं वाण. तो वासाचा आणि चिकट, त्याला पाणी बेताचं लागतं आणि तो मोकळा होत नाही, होऊही नये. काकांना मोकळा भात हवा होता. त्यांनी पातेल्यात डाव घालून शितं सुटी करायला सुरुवात केली. मावशी म्हणाल्या, “सायेब, त्यो इंद्रायणी हाय. त्याला चिकटायचं असतं एकमेकाला. तुमी बाहेर बसा, मी वाढते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या दिवशीचा भात मात्र खिरीसारखा झाला आणि शिबिरार्थींनी तो सात्त्विक म्हणून दोनदा घेतला.

कलम पाच. शनिवार-रविवारी पाहुण्यांना ‘स्टेशनवरून दहा मिनिटांत पोचाल’ असं सांगू नये. जुलैत भुशी धरणाची गर्दी असताना तर नाहीच.

कलम सहा. प्रसाद म्हणून चिक्की दिल्यास तिच्या पाकिटावरची दुकानाची चिठ्ठी काढावी.

कलम सात, हे मनापासून. सेवा म्हणजे काय ते बघायचं असेल तर पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंडकडे, केडगावला जावं. तिथल्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या. ग्रंथ 1924 साली छापून निघाला, म्हणजे इकडे कैवल्यधाम सुरू झालं त्याच वर्षी. छापखाना मिशनचा, आणि जुळाऱ्याचं, छपाईचं काम आश्रमातल्या बायका-मुलींनी केलेलं. एवढा जाडजूड ग्रंथ, एकेक शिशाचा खिळा हाताने उचलून, उलटं अक्षर सुलटं वाचत. आमच्याकडे स्मरणिकेचं चार पानी मुद्रितशोधन करायला अकरा जणांची समिती असते आणि अध्यक्षांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ तरी चुकतोच. रागावून उपयोग नाही. पण रागावतो.

कलम आठ. कागदपत्रांना कमी लेखू नये. संस्था भक्तीवर चालते हे खरं, पण ती उभी आहे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यावर. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा देऊन रुसला, तरी नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जावा लागतो. ठरावाची प्रत, सभेची सूचना, नव्या विश्वस्ताची संमती, सगळं जोडून. नाही दिला तर कागदावर मयत माणूसच संस्था चालवत राहतो, आणि बँकेत सह्या अडतात. व्यासपीठाजवळच्या सातही जणांना विचारा, बदल अर्ज कुठे देतात. सहा जण म्हणतील, कार्यालयात विचारा.

सातवे काका. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं पाहिजे. आमचे जुने बदल अर्ज बऱ्याच वर्षांचे तुंबले होते आणि दर ऑडिटला माझ्या पोटात गोळा येत असे. काकांनी ते गाठोडं पुण्याला नेलं. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, त्याला खिडकीपुढे उभं राहायची लाज नाही आणि ‘उद्या या’ म्हणणाऱ्याशी भांडायचा कंटाळा नाही. बुरशीने खाल्लेली इतिवृत्तं त्यांनी भिंगाखाली धरून उतरवून काढली (बुरशी कुणामुळे आली हा विषय मी काढला नाही), सह्यांसाठी माजी विश्वस्तांच्या घरी जिने चढले, आणि एकेक अर्ज मार्गी लावला. त्याची बातमी मासिकात आली नाही. हार तर नाहीच. त्या शनिवारी मी त्यांना चहा दिला आणि कप विसळायला उठलो, तर म्हणाले, “बसा हो, मी विसळतो.” मोरीजवळ जाऊन त्यांनी कप विसळला आणि परत येताना तिथे पाटी लावून आले: ‘कप विसळून ठेवा’.

कलम नऊ. येत्या पावसाळ्यासाठी चाळीस वॉटचे पिवळे बल्ब हवे आहेत. हल्ली दुकानात सहजी मिळत नाहीत. घरी जुने पडले असतील तर वर्तमानपत्रात गुंडाळून आणावेत आणि थेट माझ्या हातात द्यावेत, शनिवार सोडून कोणत्याही दिवशी. पावती मिळेल. कार्बन उमटला तर.