दीड कोयता

कुर्डुवाडीला कोणी येत नाही. इथे गाडी बदलतात. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली, तेव्हापासून बार्शीचे व्यापारी, पंढरपूरचे वारकरी आणि लातूरचे पाहुणे इथे उतरले, चहा प्याले आणि पुढच्या गाडीची चौकशी करून निघून गेले. आता नॅरोगेजची ब्रॉडगेज झाली, पण रिवाज तोच राहिला. त्यामुळे न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, डिसेंबरात आम्ही चौघं खास कुर्डुवाडीला येतोय,’’ तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं निघालं, ‘‘आणि पुढे कुठे?’’

‘‘पुढे कुठे नाही. सेवा करायला येतोय.’’

मला वाटलं, माझी. गुडघ्यांचं सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात तो म्हणाला, ‘‘गरजू मुलांची.’’

भानगड अशी होती. त्याची थोरली अकरावीला. तिकडच्या कॉलेजांना नुसते मार्क पुरत नाहीत. तुम्ही जगासाठी काय केलंत, तेही लिहून द्यावं लागतं. सोळाव्या वर्षी आम्ही जगासाठी एवढंच केलं होतं की त्याच्या वाटेत आलो नव्हतो. पण काळ बदलला. तर या मंडळींनी आधी कंबोडियाची कुटुंबासह सेवायात्रा ठरवली होती. तिचं माहितीपत्रक त्यानं मला पाठवलं. सकाळी अनाथ मुलांना इंग्रजी शिकवणे, दुपारी शाळेची भिंत रंगवणे, संध्याकाळी अंकोरवाट. गुरुवार मोकळा. हॉटेलात पोहण्याचा तलाव. आणि खाली ठळक अक्षरांत : ‘सर्व वयोगटांसाठी योग्य’. दुसऱ्याचं दुःख हल्ली बिया काढून मिळतं, हे मला तेव्हा कळलं.

ते बारगळलं सूनबाईंमुळे. बाई वाचणाऱ्या. त्यांनी कुठेसं वाचलं की 2005 ते 2010 या पाच वर्षांत कंबोडियातली अनाथालयं पाऊणपट वाढली. आणि तिथल्या दर चार मुलांतल्या जवळजवळ तिघांचे आई किंवा बाप, कोणीतरी हयात होते. तिथे ना त्या काळात मोठी लढाई झाली, ना मोठी महामारी आली. आले ते दयाळू पर्यटक. गिऱ्हाईक वाढलं की माल वाढतो, हे आम्हाला भुसार बाजारात ठाऊक होतं; अनाथांचंही तसंच असेल हे माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलियानं तर 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अशा मुलं गोळा करण्याच्या धंद्याचीही दखल घेतली. सूनबाईंनी बुकिंग रद्द केलं. मग प्रश्न आला, आता जायचं कुठे?

‘‘काका, तुमच्याकडे आहेत ना गरजू मुलं?’’ पुतण्यानं विचारलं, ‘तुमच्याकडे हुरडा मिळतो ना?’ याच सुरात.

मी म्हटलं, बघतो.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या वहिनी आल्या. ‘‘भावजी, आमचा बंडू लिहा की यादीत. गणितात सलग नापास. याहून गरजू काय असतं?’’ समोरचे भाऊसाहेब म्हणाले, त्यांच्या चिरंजिवांचं वय तेवीस आहे, पण नोकरी नाही, चालेल का? एका आजींनी तर, पोरंबाळं जाऊ द्या, आम्ही काय पाप केलंय, असा रोख सवाल टाकला. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि माहितीपत्रकातही नव्हतं.

मग एका शाळेत गेलो. हेडमास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘भिंत रंगवणार का?’’

‘‘तशी त्यांची इच्छा आहे.’’

‘‘भिंत नको. मागच्या साली एक मंडळ येऊन फुलपाखरं काढून गेलं. त्याच्या आदल्या साली दुसऱ्यांनी त्याच जागी झाडं काढली होती. फुलपाखरांच्या पंखांतनं अजून फांद्या दिसतात बघा. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. तेवढी बसवून देतील का?’’

मी तसं कळवलं. पलीकडे जरा शांतता पसरली. कडीसोबत फोटो कसा काढायचा, हा प्रश्न अवघड होता खरा.

त्याचा उत्साह मावळू नये म्हणून मी फोनवरच इतिहास सांगायला घेतला. म्हटलं, बाबा रे, लेकरू घेऊन परदेशी जाऊन गरजू मुलींसाठी खटपट करणं आपल्याला नवं नाही. पंडिता रमाबाई 1883 साली विलायतेला गेल्या त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन. पुढे 1886 मध्ये अमेरिका गाठली, गावोगाव भाषणं दिली, बॉस्टनच्या मंडळींकडून दहा वर्षांच्या मदतीचा शब्द घेतला, आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. अमेरिकेत एकही भिंत रंगवली नाही. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन आपल्याच लाइनीवर आहे, दौंडच्या आधी; येताना खिडकीतून बघ. आणि 1943 ते 48 या काळात तर उलटीच गंगा वाहत होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. म्हणजे गरजू मुलं युरोपची आणि मदतीला आपण. ती मुलं म्हातारपणी पुन्हा कोल्हापूर बघायला आली. आणि आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस! 1938 मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यातले एक.

‘‘किती दिवसांची ट्रिप होती ती?’’ पुतण्यानं विचारलं.

आता याला काय सांगावं? बाकीचे चौघं परतले, कोटणीस राहिले. 1941 मध्ये तिथल्याच क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि मुलगा तान्हा असतानाच, 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. सगळे कुटुंबासह सेवेला निघतात. कोटणिसांना सेवेतच कुटुंब मिळालं. त्यांना कॉलेजात प्रवेश घ्यायचा नव्हता, हाही एक फायदा.

मंडळी आली. पहिले दोन दिवस पोटाच्या सेवेत गेले, कारण हिनं प्रेमानं शेंगाचटणी वाढली होती. मग बापलेकांनी जाऊन शाळेतली कडी बसवली. त्या कामाला पुरता दिवस लागला. लाकूड जुनं, स्क्रू पकडेना, आणि धाकट्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाना-पेचकस हातात धरला होता. कडी लागली तेव्हा चार मुली रांगेनं आत जाऊन ती लावून बघून आल्या. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पुतण्या जरा हिरमुसला.

‘‘काका, प्रत्यक्ष मुलांसोबत काही...’’

म्हणून चौथ्या दिवशी त्यांना उसाच्या फडावर नेलं. उजनीचं पाणी आल्यापासून आमच्या माढा तालुक्यात उसाला तोटा नाही, आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यातच. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून तोडकरी येतात, घरदार आणि लेकरं घेऊन. रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या : बांबूच्या कामट्या वाकवून वर प्लास्टिकचा कागद. माणसं पहाटेच फडात गेलेली. एका कोपीसमोर नऊ-दहा वर्षांची पोर, काखेला भाऊ घेऊन, वाढ्याच्या पेंढ्या बांधत बसलेली. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात, गुडघा पेंढीवर. वर आवळून गाठ. हे सगळं काखेतलं पोर न हलवता.

थोरलीनं वही-पेन काढलं. तिचं मराठी शनिवारच्या मराठी शाळेतलं. ‘‘तुला शाळा आवडते का?’’

‘‘गावाकडली आवडती.’’ मग पोरीनं आमच्याकडे नीट बघितलं आणि तिची चौकशी सुरू झाली. ‘‘तुम्ही कुठले?’’

‘‘अमेरिका.’’

‘‘पाटोद्याच्या पल्याड का?’’

‘‘बरंच पल्याड,’’ मी म्हटलं.

‘‘सगळीच आलाव? म्हातारी गावाकडं ठिवली?’’

पुतण्या उसाकडे बघायला लागला. माझी चुलतवहिनी, म्हणजे त्याची आई, पुण्यात चौथ्या मजल्यावर एकटी असते.

‘‘साळा बुडवून आलाव?’’

‘‘नाही, सुट्टी आहे,’’ धाकटा म्हणाला.

‘‘आमाला बी असंच सांगत्यात.’’ पोरीनं पेंढी बाजूला फेकली आणि सरळ पुतण्याला विचारलं, ‘‘उचल किती घेतलीया?’’

उचल म्हणजे काय, ते मी त्याला समजावलं : हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घ्यायची, ती फिटेपर्यंत तोडत राहायचं, नाही फिटली तर पुढल्या हंगामाच्या खाती. पुतण्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की घराचं कर्ज आहे.

‘‘किती सालाचं?’’

‘‘तीस वर्षांचं.’’

पोरीचा हात थांबला. तीस! तिनं आत जाऊन उसाची दोन कांडकी आणली, एक थोरलीला दिलं, एक धाकट्याला. मग थोरलीच्या हातातली वही काढून घेतली, काखेतलं पोर तिच्या काखेला दिलं, ‘‘जरा धर,’’ म्हणाली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. हापसा लांब होता. तास-दीड तास थोरली ते पोर घेऊन उभी. ते रडलं, झोपलं, उठलं, तिच्या अंगावर ओलं झालं. हात मोकळा नव्हता म्हणून फोटो निघाला नाही, आणि फोटो काढ म्हणून तिनं कोणाला सांगितलंही नाही. सूनबाई पेंढी बांधायला बसल्या. त्यांच्या पेंढ्या उचलल्या की सुटत. परत आल्यावर पोरीनं त्या सगळ्या न बोलता पुन्हा बांधल्या.

निघताना पुतण्यानं कॉलेजचा फॉर्म काढला. संस्थाप्रमुखाची सही, केलेलं काम, कामाचे तास. संस्थाप्रमुख म्हणून आसपास मोटारसायकलवर बसलेला एक मुकादम तेवढा सापडला. त्यानं फॉर्म उलटसुलट बघितला, डायरीवर ठेवून झोकदार सही ठोकली आणि मग चौघांना एकवार मोजल्यासारखं नजरेखालून घातलं.

‘‘नवरा-बायकोचा एक कोयता. पोरगी खमकी आहे, तिचा अर्धा. बारक्याचं काय धरता येत नाही,’’ तो मला म्हणाला. ‘‘दीड कोयत्याची उचल देतो. पुढच्या साली यायची असतील तर आत्ताच सांगा, नंतर माझ्याकडं जागा राहत नाही.’’