लिंबूटिंबूची शिकवणी

मिनिआपोलिस
७ जून

ती. आईस,


ईशान पोरांत मिसळतो का, असं बाबा दर फोनला विचारतात. सांग त्यांना, मिसळतो. पण त्यासाठी आईबापालाच शिकवणी लावावी लागली.

आपल्या गल्लीत बरं होतं. धाकट्याला मोठ्याच्या मागे सोडलं की तो लिंबूटिंबू म्हणून खेळात! आऊट झाला तरी आऊट नाही, राज्य कधी यायचं नाही. इथे मागे सोडायला दादा नाही, आणि बाग एप्रिलपर्यंत बर्फाखाली. बर्फ वितळल्यावर हा वाळूच्या हौदापाशी हात मागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखा नुसता उभा. त्याच्या बाई म्हणाल्या, "राहू दे उभा. बघणं हेही खेळणंच." याच गावच्या विद्यापीठात मिल्ड्रेड पार्टेन यांनी बालवाडीतल्या मुलांचा खेळ टिपून १९३२ साली त्याचे सहा प्रकार मांडले. नुसतं बघत राहणं हा त्यातला एक, शेजारी बसून आपापलं खेळणं हा आणखी एक.

ईशानच्या बाबाला, निखिलला, हे पटेना. "त्यात काय, सरळ विचारायचं!" म्हणत तो स्वतः हौदात उतरला आणि दोन चिमुरड्यांना म्हणाला, "आम्हाला घेता का?" एकीने मानही वर न करता सांगितलं, "नाही." खेळ खल्लास.

बाईंचं म्हणणं, विचारलं की 'नाही' म्हणणं सोपं जातं. आधी बघायचं, जवळ बसून तेच करू लागायचं, आणि खेळात काय कमी आहे ते हेरून तेवढं घेऊन जायचं. त्या पोरींचं होतं पिझ्झाचं दुकान. मालकिणी दोन, गिऱ्हाईक एकही नाही. ईशान शेजारी वाळूचे गोळे थापत बसला. मग उठून हौदाच्या काठावर टकटक केली आणि इंग्रजीत म्हणाला, "एक पिझ्झा. कांदा नको, आज चतुर्थी आहे." मालकिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि निमूटपणे वरचे दोन खडे काढून टाकले. बघता बघता स्वारी घरोघरी पिझ्झे पोचवायच्या नोकरीला लागली.

दृष्ट काढायची घाई नको. मागोमाग एक छोटा मुलगा आला, तर यानेच ठणकावलं, "दुकान बंद!" शिकागोच्या बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी म्हणूनच वर्गात नियम केला होता: 'तू खेळायचं नाहीस' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. १९९२ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. मी तोच नियम ऐकवला. ईशानने गंभीरपणे विचार केला. "मग तो उंदीर. दुकानात उंदीर नाहीये." छोटा लगेच चीं चीं करत वाळूत लोळू लागला. जागा झाली!

निखिलही शिकला हो. पूर्वी मराठी मंडळात कुणाच्याही गप्पांत घुसून गृहकर्जाचे दर काढायचा. परवा गुपचूप ऐकत ताटं वाढत राहिला. त्याला गणपतीच्या समितीत घेतलंय, खुर्च्या उचलायला.

आता अडचण उलटी आहे. खेळात शिरायचं शास्त्र आलं, पण जेवायला घरी यायचं नाव नाही. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड, म्हणून 'दिवेलागणी झाली' हेही चालत नाही. तू गॅलरीतून एकच हाक मारलीस की आम्ही सगळे जिन्यात हजर असायचो. ते नेमकं कसं करायचीस, तेवढं सविस्तर कळव.

तुझी,
वर्षा