इमाराती की मुकीम?

अहो वहिनी, या ना जरा कठड्यापाशी. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं ऐकलंत? भिशीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या बंड्याचा जन्म इथलाच, म्हणजे इमाराती!" मी आपली गप्प. म्हटलं, हातातला पासपोर्ट निळा, त्यावर अशोकस्तंभ, आणि म्हणे इमाराती! इथे संयुक्त अरब अमिरातीत नुसत्या जन्माने कुणी नागरिक होतं का? नागरिकत्व रक्तातून यावं लागतं, त्यातही मुख्यतः बापाकडून.

वर म्हणतात कशा, इमारतीत राहतात ते इमाराती! आमचे हे बसलेच मग शिकवणी घ्यायला. आपली इमारत वेगळी, ती अरबी ऐन अक्षराची. 'इमाराती'मधली इमारा अलिफची. अमिराचा मुलूख ती इमारा, अनेक झाल्या की इमारात. आपल्याकडचे अमीर-उमराव यांचेच भाऊबंद. उमरा हे अमीरचंच अनेकवचन.

आणि नाव तरी किती जुनं? 2 डिसेंबर 1971 आधी हा देशच नव्हता. माणूस टोळी विचारायचा, तू बनी यासांपैकी की कवासिमांपैकी? इंग्रज या किनाऱ्याला 'ट्रूशियल' म्हणायचे, म्हणजे तहाचा. 1820 चा तह झाला तो रास अल खैमावर स्वारी करून, आणि ती फौज कुठून आली माहितीय? आपल्या मुंबईहून! रुपयाही आपलाच चालायचा इथे. 1959 पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तसा तो इथून गेला. आता दिरहमचा भाव बघत बसतो आपण!

बरं, सातही अमिराती पहिल्या दिवशी आल्या नाहीत हं. रास अल खैमा ही धाकटी जाऊ, रुसून बसलेली. 10 फेब्रुवारी 1972 ला उंबरठा ओलांडला तिने.

मग आपण कोण, विचारता? मुकीम, म्हणजे नुसते रहिवासी. आपला 'मुक्काम पोस्ट'मधला मुक्काम आहे ना, तेच घराणं. कार्डावर 'एमिरेट्स आयडी' छापलंय म्हणून हुरळायचं नाही, ते त्यांनाही देतात न्‌ आपल्यालाही. चौथ्या मजल्यावरच्यांना गोल्डन व्हिसा मिळालाय म्हणे, पेढे वाटत होते. खाल्ले मी दोन. पण दहा वर्षांचा झाला तरी मुकीमच ना हो?