घटना क्रमांक 41

माझा कॉम्प्युटर लढाईत कधीच मरत नसे. चारी बाजूंनी गोळीबार चालू आहे, गाड्या पेटताहेत, अर्धं शहर माझ्या मागे लागलंय, तरी गडी ठणठणीत. मग मी हुश्श करून मेनू उघडायचो, चहाचा कप उचलायचो, आणि पडदा काळा. निळा पडदा नाही, धमकीवजा इंग्रजी नाही, काही नाही. पंखे थांबायचे, पुन्हा फिरायचे आणि मदरबोर्डचा लोगो निर्विकारपणे समोर यायचा.

हे सगळं नव्या ग्राफिक कार्डानंतर. नवं म्हणजे माझ्यासाठी नवं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्या कामाला रात्रंदिवस जुंपलेली कार्डं बाजारात सुटली. एरवी ज्याची किंमत विचारतानाही आवाज खाली जायचा, ते आरटीएक्स 3080 लॅमिंग्टन रोडवर मला परवडेल अशा भावात दिसलं. ‘साहेब, एकदम फ्रेश पीस,’ असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. सायबरपंक 2077 आलं डिसेंबर 2020 मध्ये. तेव्हापासून मी ते इतरांनी खेळलेलं बघत होतो, त्यामुळे मान आपोआपच डोलली.

घरी आल्यावर कळलं की कार्ड कॅबिनेटपेक्षा महत्त्वाकांक्षी आहे. हार्ड डिस्कचा पिंजरा काढला तेव्हा कुठे ते आत शिरलं. बसल्यावर वजनाने एका बाजूला झुकलं, म्हणून खाली कॅरमच्या सोंगट्यांची चवड लावली. वरची सोंगटी क्वीन. आधीचं 1050 टीआय बिचारं मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या 75 वॅटवर भागवायचं, त्याला वेगळी वायरसुद्धा नव्हती. हे 320 वॅट मागतं.

मेनूतले मृत्यू सुरू झाले तसे सल्लागार जमले. ऑफिसातला एक म्हणाला, ड्रायव्हर मुळासकट काढून परत टाक. टाकला. कॉम्प्युटरवाल्याने सगळ्या रोगांवरचं औषध सांगितलं, ‘फॉरमॅट मारू.’ मारलं. मग त्याने रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासल्या, खोडरबराचा चुरा माझ्या कीबोर्डवर फुंकला आणि पैसे घेतले. बायको म्हणाली, ‘आत धूळ बघ किती आहे.’ ती होतीच, पण ती जुन्या कार्डाच्या वेळीही होती.

शेवटी मी विंडोजची दैनंदिनी उघडली. प्रत्येक मृत्यूपुढे एकच नोंद : कर्नल-पॉवर, घटना क्रमांक 41. अर्थ असा, की यंत्रणा नीट बंद न होता पुन्हा सुरू झाली. ‘इसम मयत स्थितीत आढळला, कारण मृत्यू,’ असा हा पंचनामा. ते मला माहीत होतं, मी कप हातात धरून साक्षीला होतो.

फरमार्क नावाची चाचणी लावली. पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरतं आणि कार्डाला घाम फोडतं. तासभर फिरलं, काहीही झालं नाही. मी बायकोला विजयी मुद्रेने दाखवायला बोलावलं. ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, ‘मग हेच खेळ ना.’

रविवारी भाचा आला. त्याने पडद्याकडे बघितलंही नाही. ‘मामा, एसएमपीएस कितीचा आहे?’

‘साडेसहाशेचा.’ हे मी अभिमानाने सांगितलं.

त्याने एका वायरवरून बोट फिरवत नेलं. एसएमपीएसमधून निघालेली ती एकच वायर पुढे दोन तोंडांची झाली होती आणि दोन्ही तोंडं कार्डात खुपसलेली होती. खुपसणारा कोण, हे त्याने विचारलं नाही, चांगला मुलगा आहे. त्याचं म्हणणं असं : 320 वॅट ही सरासरी. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं हे कार्ड 400 च्याही वर उडी मारतं. त्या धक्क्याने 12 व्होल्टची लाइन 11.4 च्या खाली गेली की एसएमपीएस ‘सगळं ठीक’ हा इशारा मागे घेतो आणि मदरबोर्ड रीसेट होतो. विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळत नाही. फरमार्कचा भार एकसारखा, म्हणून तिथे निभतं. आणि मेनूत? मेनूत काढण्यासारखं काही नसतं, म्हणून कार्ड तेच चित्र सेकंदाला शेकडो वेळा काढत बसतं. रिकामं डोकं, दुसरं काय.

मला पुरावा हवा होता. मल्टिमीटर आणला. टेबलाखाली उकिडवा बसून मी एका वायरीत टोचण्या धरल्या. वर खुर्चीत भाचा माझा गेम माझ्यापेक्षा बराच बरा खेळत होता. मीटर म्हणे 12.1. कॉम्प्युटर मेला. मीटर म्हणे 12.1. ‘मामा, तो आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यात ही उडी कशी दिसणार?’ हे त्याने मी खाली बसण्याआधी सांगितलं असतं तर गुडघे वाचले असते.

दोन स्वतंत्र वायरी लावल्या. फ्रेम्सना साठची मर्यादा घातली, तेव्हा मेनू थंडावला. तरी एखादं मरण यायचंच, म्हणून 850 वॅटचा एसएमपीएस घेतला. स्वस्तात मिळालेलं कार्ड तेव्हा स्वस्त राहिलं नाही.

त्यानंतर मेनूत मरण आलं नाही. ते संध्याकाळी यायला लागलं, मॉनिटरसकट. सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की व्होल्टेज दबतं, यूपीएस बॅटरीवर जातो, किंचाळतो आणि सगळं बंद. विंडोज अर्थातच 41 लिहितं. यूपीएस 600 व्हीएचा, म्हणजे जेमतेम 360 वॅटचा. मोठ्या यूपीएसचा विषय घरात काढण्याची ही वेळ नव्हती. मी वॉचमनला सांगितलं, पंप चालू करण्याआधी मला मेसेज टाकत जा, ऑफिसचं महत्त्वाचं काम असतं. तो इमानदार आहे. काल ऐन रंगात मेसेज आला : ‘साहेब, पाच मिनिटांत पंप. मीटिंग आटपा.’