धूर चेंबूरचा, हुकूम दिल्लीचा

"काकू, कढीपत्ता हवाय ना? घ्या की, फांदी भिंतीवरून तुमच्याकडेच वाकलीय. आणि काय हो, जावयाच्या कॅलिफोर्नियात गाड्यांवरून काय चाललंय?"

"अगं, रविवारी फोनवर अर्धा तास तेच पुराण! २०३५पासून निव्वळ पेट्रोलवरच्या नव्या गाड्या विकायच्या नाहीत, असं त्यांच्या राज्यानं ठरवलेलं. ट्रम्पनं जून २०२५मध्ये सही करून ते मोडीत काढलं, तर राज्य गेलं कोर्टात. जावई म्हणतो, आई, तुमच्याकडे बरंय, असली भांडणं नाहीत."

"भांडायला हातात काही असावं लागतं! त्या राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करायची मुभा १९६७च्या कायद्यापासून आहे, केंद्राची परवानगी काढून का होईना. आपल्याकडे नव्या गाडीनं किती धूर सोडायचा ते दिल्लीच ठरवते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११०. मुंबईचं मंत्रालय कारखानदाराला 'आमच्यासाठी जरा स्वच्छ इंजिन बनव' असं फर्मावू शकत नाही."

"मग आपलं सरकार करतं काय?"

"कर घेतं!"

"ते मला सांगू नकोस. ह्यांच्या २००८च्या गाडीचा पर्यावरण कर परवाच भरलाय."

"तोच तो, जुन्या गाड्यांवरचा, २०१०पासूनचा. आरटीओ राज्याचं, पीयूसीवाल्याचा परवाना राज्याचा. आणि टॅक्सीनं किती वर्षं धावायचं तेही राज्य ठरवतं. प्रीमियर पद्मिनीची वीस वर्षं भरली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. म्हणजे सासूला घरी बसवता येतं, पण सून कशी आणायची ते विचारायचं नाही."

"बाई, फटकळच आहेस!"

"खोटं आहे का? बरं, दिल्लीनंही काय केलं? एप्रिल २०१०मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांना धुराचा कडक नियम, बीएस-फोर, दिला आणि बाकी देशाला त्या वर्षात ढिला बीएस-थ्री. माझ्या भावानं त्याच साली नाशिकला गाडी घेतली, अर्थात बीएस-थ्री. ती दर दिवाळीला इथे चेंबूरात अमर महलच्या सिग्नलला धूर सोडत उभी! सायन-पनवेल रस्त्यावरच्या बाहेरगावच्या ट्रकांचं तर नावच नको. सात वर्षं हा खेळ चालला. २०१७मध्ये कुठे सगळीकडे एक नियम झाला."

"आणि आता ते सिक्स."

"एप्रिल २०२०पासून. पेट्रोलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० होतं, ते १०वर आणलं. आणि हे पेट्रोल बनतं कुठे, तर माहुलच्या रिफायनरीत, आपल्या नाकासमोर! तरी संध्याकाळी खिडकी उघडायची म्हटलं की आधी वास घेऊन बघायचा."

"पण मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंदच करणार होते ना?"

"जानेवारी २०२५मध्ये हायकोर्टानं कान उपटले, तेव्हा राज्यानं सात जणांची समिती नेमली. निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव अध्यक्ष. महानगरात अशी बंदी जमेल का, तीन महिन्यांत सांगा म्हणाले. कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी नको, हे राज्य कलम ११५खाली म्हणू शकतं. पण लोकांनी कामाला जायचं कशानं? आपल्या ईस्टर्न फ्रीवेवर सकाळी बघा एकदा."

"तुझं म्हणणं काय मग? कॅलिफोर्नियासारखं करायचं?"

"करावं, पण एकट्या मुंबईसाठी नको. नाहीतर पुन्हा नाशिकची गाडी अमर महलला. दिल्लीचा नियम ही खालची रेघ समजायची आणि तिच्यावर जायची मुभा अख्ख्या महाराष्ट्राला द्यायची. द्यायला कोण तयार होणार, ते सोडा."

"जावयाला सांगते. कढीपत्ता पुरे गं."

"आणखी एक, काकू. काकांच्या गाडीची पीयूसी बघून ठेवा. ती बीएस-थ्री आहे, तिला वर्ष मिळत नाही, सहाच महिने."